सांधा लपवावा कीं दाखवावा ?

हल्लीं बाजारांत मूठभर आकाराचा एक कॅमेरा मिळतो. त्याच्या पुढच्या अंगास एक व मागच्या अंगास एक अशीं दोन भिंगें असतात. तो काठीच्या टोंकास बसवून उंच धरिला म्हणजे पुढचें, मागचें, डोक्यावरचें व पायाखालचें असें सर्व दृश्य एकाच वेळीं टिपलें जातें, आणि मागाहून पाहणारास मोबाइलच्या कांचेवर बोट फिरवून हवी ती दिशा न्याहाळतां येते. सहलीस निघालेलीं मुलें, लग्नसमारंभांतले फोटोग्राफर, घरें विकणारे दलाल, जुन्या वास्तूंचे अभ्यासक अशा नाना प्रकारच्या लोकांच्या हातीं हें यंत्र आलें आहे. ह्याच्या नजरेंतून कांहींच सुटत नाहीं, अशी त्याची ख्याति आहे.

ह्या ख्यातींत कितपत तथ्य आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. दोन भिंगांनीं पाहिलेल्या दोन चित्रांचें एक अखंड चित्र करण्याची कला मोठी कौतुकाची आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्या कलेचें बहुतेक कौशल्य सांधा लपविण्यांत खर्च होतें. आणि चित्र जेथें करमणुकीसाठीं नसून साक्षीसाठीं असतें, तेथें लपविलेला सांधा हा गुण नव्हे, दोष होय. अशा ठिकाणीं सांधा पाहणारास दाखविला पाहिजे. निदान तो कोठें आहे एवढें तरी सांगितलें पाहिजे.

सभोंवारचें दृश्य एका चित्रांत आणण्याची हौस नवी नाहीं. एडिंबरो येथें राहणारा रॉबर्ट बार्कर नांवाचा आयरिश चित्रकार ह्यानें १७८७ सालीं अशा चित्राचें पेटंट घेतलें, व पुढें १७९३ सालीं लंडनमधील लेस्टर स्क्वेअर येथें तेवढ्यासाठीं एक वाटोळी इमारत उघडली. इमारतीच्या आंतील भिंतीस चहूंकडून चित्र लाविलेलें असे, व प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर उभे राहून तें पाहत. 'पॅनोरामा' हा शब्द ह्याच उद्योगांतून निघाला. हॉलंडांतील हेग शहरीं हेंड्रिक मेस्डाग ह्या चित्रकारानें पत्नीच्या व इतर सहकाऱ्यांच्या मदतीनें १८८१ सालीं पुरें केलेलें समुद्रकिनाऱ्याचें असें एक चित्र जतन करून ठेविलें आहे. त्याची उंची सुमारें १४ मीटर व घेर सुमारें १२० मीटर आहे. तें रेखाटण्यापूर्वीं मेस्डागनें वाळूच्या टेकडीवर कांचेचें एक नळकांडें उभें केलें, आणि त्याच्या आंत बसून बाहेरचें दृश्य कांचेवरच उतरवून घेतलें.

एवढ्या विशाल चित्रांचें कापड अनेक पट्ट्या एकमेकींस शिवून केलेलें असे. तथापि त्या शिवणींमुळें दृश्यांत कांहीं उणें किंवा अधिक होत नसे. कारण पाहणारा डोळा एक होता, व तो एकाच ठिकाणीं होता. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कापडाचे तुकडे दहा असले तरी चालतात. पाहण्याचें ठिकाण एक हवें. पाहण्याचीं ठिकाणें दोन झालीं कीं अडचण उभी राहते.

ती अडचण सिनेमावाल्यांस लवकरच भोंवली. अमेरिकेंत १९५२ सालीं फ्रेड वॉलर ह्यानें योजिलेली 'सिनेरामा' नांवाची पद्धति लोकांपुढें आली. तींत तीन भिंगांनीं तीन फिती घेत, व त्या तीन यंत्रांनीं एका विस्तीर्ण वक्र पडद्यावर शेजारीं शेजारीं टाकीत. चित्रांच्या कडा जेथें मिळत तेथें उभी रेघ दिसे. ती पुसट व्हावी म्हणून यंत्रांत कंगव्यासारखी दांतेरी पट्टी वेगानें हालवीत. शिवाय सांध्याच्या जागीं एखादें झाड किंवा खांब यावा अशी दिग्दर्शक मांडणी करीत. एका तुकड्यांतील नटानें दुसऱ्या तुकड्यांतील नटाकडे सरळ पाहिलें, तर पडद्यावर तो भलतीकडेच पाहत असल्याचें भासे. म्हणून खरें दिसावें यासाठीं नटांस खोट्या दिशेस पाहावें लागे! पुढें १९५५ सालीं वॉल्ट डिस्ने ह्यांच्या कॅलिफोर्नियांतील उद्यानांत ११ कॅमेऱ्यांनीं घेतलेलें पुऱ्या वर्तुळाचें चलच्चित्र दाखविण्यांत आलें. तेथें सभोंवार ११ पडदे होते व दर दोन पडद्यांमध्यें फट सोडलेली होती. त्या फटींतूनच समोरच्या पडद्यावर चित्र टाकीत. आमच्या मतें ह्या ओबडधोबड व्यवस्थेंत एक प्रामाणिकपणा होता. फट प्रेक्षकास दिसे, आणि त्या फटीपुरतें आपणांस कांहीं दिसत नाहीं, हेंहि त्यास कळे.

आतां प्रस्तुतच्या यंत्राकडे वळूं. रिको ह्या जपानी कंपनीनें २०१३ सालीं 'थीटा' नांवाचा दोन भिंगांचा कॅमेरा काढिला. पहिला नमुना केवळ स्थिर चित्रें घेई. २०१४ सालच्या नमुन्यानें तीन मिनिटांपर्यंतचें चलच्चित्र घेतां येऊं लागलें. २०१५ सालीं यूट्यूबनें अशीं चलच्चित्रें दाखविण्याची सोय केली, आणि त्यानंतर अनेक कंपन्या ह्या धंद्यांत उतरल्या.

ह्या कॅमेऱ्यांचीं भिंगें 'मत्स्यनेत्र' जातीचीं असतात. पाण्याखालून माशानें वर पाहिलें असतां पाण्याबाहेरचें सारें अर्धगोल दृश्य त्यास सुमारें ९७ अंशांच्या शंकूंत आकसून दिसतें. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ह्यानें १९०६ सालीं ह्याच तत्त्वावर चित्रें घेऊन दाखविलीं, आणि त्यावरून हें नांव पडलें. अर्धा गोल म्हणजे १८० अंश. तेव्हां दोन भिंगांनीं प्रत्येकीं १८० अंश पाहिले कीं हिशेब पुरा झाला, असें वाटेल. परंतु शिंपी कापड बेततांना शिवणीसाठीं जशी माया ठेवतो, तशी येथेंहि ठेवावी लागते. म्हणून प्रत्येक भिंग १८० हून अधिक, समजा २०० अंश, पाहील असें घडवितात. मग दोन्ही चित्रांच्या कडेस सुमारें २० अंशांची अशी एक पट्टी मिळते कीं जी दोन्ही भिंगांस दिसते. सांधा ह्या पट्टींतच कोठें तरी घालावयाचा असतो.

जोडण्याची रीति थोडक्यांत अशी. कॅमेऱ्यांत प्रथम दोन वाटोळीं चित्रें उमटतात. प्रत्येक भिंग दृश्यास किती वांकवितें, ह्याचें माप आधींच घेऊन ठेविलेलें असतें. त्या मापानें संगणक दोन्ही वर्तुळें सरळ करून पृथ्वीच्या नकाशासारख्या एका चौकटींत पसरतो. चौकटीची रुंदी उंचीच्या दुप्पट असते. कारण रुंदींत ३६० अंश व उंचींत १८० अंश बसवावयाचे असतात. नकाशांत ध्रुवाकडचा प्रदेश जसा ताणला जातो, तसें येथें थेट डोक्यावरचें व थेट पायाखालचें दृश्य ताणलें जातें. नंतर सामाईक पट्टींतील समान खुणा, म्हणजे खिडकीचा कोपरा, पानाचें टोंक, दगडाचा डाग इत्यादि, शोधून एका चित्रावर दुसरें बसवितात. अशा खुणा संगणकानें आपण होऊन शोधाव्या व कोणतें चित्र कोणाच्या शेजारचें हेंहि ओळखावें, ही रीति कॅनडांतील मॅथ्यू ब्राउन व डेव्हिड लो ह्यांनीं २००३ सालीं मांडिली. शेवटीं दोहोंचे रंग एकमेकांत मिसळतात. उजेडाचे मोठे फरक रुंद पट्ट्यावर हळूहळू विरवावे व बारीक रेषा अरुंद पट्ट्यावर झटकन् बदलाव्या, म्हणजे डोळ्यास सांधा लागत नाहीं. ही युक्ति पीटर बर्ट व एडवर्ड ॲडलसन ह्यांनीं १९८३ सालीं दाखवून दिली. एका भिंगावर ऊन व दुसऱ्यावर सावली असली तरी आकाश एकसारखें निळें दिसतें, तें ह्या युक्तीचेंच फळ होय.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु दोन भिंगें एकाच ठिकाणीं असूं शकत नाहींत. एक पुढें, एक मागें, आणि मध्यें कॅमेऱ्याची जाडी. नाकासमोर बोट धरून एकदां डावा व एकदां उजवा डोळा मिटून पाहा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतें. ज्योतिषशास्त्रांत ह्यास 'लंबन' म्हणतात. दोन भिंगांच्या बाबतींत हेंच घडतें. दोहोंमधील अंतर ३ सेंटिमीटर धरूं, व चौकट ५७६० चित्रबिंदु रुंद, म्हणजे एका अंशास १६ बिंदु, अशी धरूं. कॅमेऱ्याच्या बाजूस ३० मीटरांवर असलेल्या झाडाच्या बाबतींत दोन भिंगांच्या दृष्टींत अवघ्या एका बिंदूचा फरक पडतो. तो कोणास दिसणारहि नाहीं. झाड ३ मीटरांवर असलें तर फरक ९ बिंदूंचा होतो. आणि अर्ध्या मीटरावर मनुष्याचा चेहरा असला तर तो सुमारें ५५ बिंदूंवर जातो. अंकगणित इतकें सरळ आहे कीं आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनींहि तें करून पाहावें.

आतां जोडणाऱ्यापुढें दोन मार्ग राहतात. पहिला मार्ग, दूरचें दृश्य जुळवून घेण्याचा. तसें केलें म्हणजे पुढचें भिंग आपल्यापुढचा अर्धा गोल देतें, मागचें भिंग आपल्यामागचा. आणि दोहोंच्या मधली ३ सेंटिमीटर जाडीची एक अदृश्य भिंत चित्रांतून साफ गळून जाते. ही भिंत कॅमेऱ्यापासून निघून वर, खालीं व दोन्ही बाजूंस क्षितिजापर्यंत पसरलेली असते. डोंगराच्या ३ सेंटिमीटरांचें कोणास काय होय ? परंतु चेहऱ्याचे ३ सेंटिमीटर म्हणजे नाक. दुसरा मार्ग, जवळची वस्तु जुळवून घेण्याचा. तसें केलें कीं मागचें दृश्य दुहेरी होतें. एका मीटरावरील मनुष्य नीट जुळविला, तर ११ मीटरांवरील भिंतीचा ३० सेंटिमीटरांचा पट्टा दोनदां उमटतो. म्हणजे एका मार्गानें असलेलें जातें, व दुसऱ्या मार्गानें नसलेलें येतें. दोन्ही मार्ग एकाच वेळीं धरतां येत नाहींत.

अलीकडे एक तिसरी युक्ति निघाली आहे. सामाईक पट्टींतील प्रत्येक बिंदु एका चित्रांत कोठें व दुसऱ्या चित्रांत कोठें आहे, हें ताडून संगणक त्या वस्तूचें अंतर अजमावतो, व दोन भिंगांच्या मधोमध तिसरें भिंग असतें तर त्यास काय दिसलें असतें ह्याची अटकळ बांधून तेवढें चित्र स्वतः रचतो. बहुतेक वेळां ही अटकळ चांगली साधते. परंतु जेथें जाळी आहे, केस आहेत, हालणारीं पानें, पाणी किंवा कांच आहे, अथवा जेथें नुसती पांढरी भिंत असून खूणच सांपडत नाहीं, तेथें ती फसते. चलच्चित्रांत तर एका सेकंदास ३० चित्रें असतात. प्रत्येकाची अटकळ निराळी झाली तर सांधा थरथरूं लागतो, म्हणून मागच्या व पुढच्या चित्रांकडे पाहून तीहि गुळगुळीत करावी लागते. सांध्यावर ह्या युक्तीनें जें दिसतें तें कोणत्याहि भिंगानें जसेंच्या तसें पाहिलेलें नसतें, हें आपण विसरतां कामा नये.

ह्या कॅमेऱ्याची ज्या गोष्टीसाठीं सर्वांत अधिक वाहवा होते, ती म्हणजे काठी दिसत नाहीं ही. कॅमेरा जणूं पक्ष्यासारखा अधांतरीं उडतो आहे असें वाटतें. परंतु काठी अदृश्य कां होते ? ती त्या तीन सेंटिमीटरांच्या भिंतींत बरोबर मावते म्हणून. कॅमेऱ्याहून बारीक काठी दोन भिंगांच्या मधोमध धरिली कीं जोडतांना ती आपोआप गळते. मुलें ह्यास जादू म्हणतात. आम्ही त्यांस एवढेंच सांगूं इच्छितों कीं ज्या जागेंत काठी नाहींशी होते, त्या जागेंत दुसरेंहि कांहीं नाहींसें होऊं शकतें. काठी गेली ती हवीशी म्हणून आपण हंसतों. दुसरें कांहीं गेलें तर आपणांस तें कळतहि नाहीं.

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत आमच्या मुलामुलींच्या लेझीमचें असें चित्रण झालें. खेळ संपल्यावर सर्व मंडळी तिपाईवरील कॅमेऱ्याभोंवतीं हातभर अंतरावर दाटीनें उभी राहिली. पांचवींतील एक मुलगी नेमकी सांध्याच्या रेषेवर आली. जोडलेलें चित्र पालकांकडे गेलें, तेव्हां तिच्या चेहऱ्याचा मधला भाग त्यांत नव्हता. दोन्ही डोळे एकमेकांस टेकलेले व नाक जवळजवळ नाहींसें झालेलें. गांवीं तिच्या आजीनें तें मोबाइलवर पाहून "अगं, पोरीच्या तोंडाला काय झालं ?" म्हणून घाबरून विचारणा केली. वर्गांत मुलें हंसलीं. ती मुलगी मात्र आमच्याकडे येऊन एवढेंच म्हणाली, "सर, मी मुळीच हालले नव्हते." चित्रांतील दोषाचें कारण आपणच असूं, असें त्या लेंकराच्या मनानें घेतलें होतें. पुढें फोटोग्राफरानें मूळ फाइल उघडून दाखविली. तींतील दोन्ही वाटोळ्या चित्रांत तिचा चेहरा सबंध होता. यंत्राच्या दोन्ही डोळ्यांनीं तिला पुरतें पाहिलें होतें. ती हरवली ती जोडणींत. मूळ फाइल राखून ठेविलेली होती, म्हणूनच ती परत मिळाली.

ह्यावर कोणी म्हणेल कीं निसर्गानेंहि हेंच केलें आहे. आपले डोळे दोन, आणि दिसतें एक. शिवाय प्रत्येक डोळ्यांत एक आंधळा ठिपका आहे, तो मेंदु भरून काढतो व आपणांस पत्ताहि लागूं देत नाहीं. मग बिचाऱ्या यंत्रासच दोष कां ? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु आपले दोन डोळे एकाच दिशेस पाहतात, आणि त्यांच्या दृष्टींतील फरक मेंदु पुसून टाकीत नाहीं. त्या फरकापासूनच तो खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन ह्यानें १८३८ सालीं हें सप्रयोग सिद्ध केलें. डोळ्यांस जो फरक ज्ञानाचें साधन होतो, तोच फरक हें यंत्र सांध्यावर झांकून टाकतें. दुसरें असें कीं डोळ्यांविषयीं शंका आली तर आपण मान वळवून पुन्हां पाहतों. चित्र एकदां जोडून मूळ फाइल पुसली, कीं कितीहि मान वळविली तरी गेलेलें परत दिसत नाहीं.

दुसरा कोणी म्हणेल, दोन भिंगांनीं भागत नसेल तर अधिक घ्या. तसेंहि करून पाहिलें गेलें आहे. फेसबुक कंपनीनें २०१६ सालीं १७ कॅमेऱ्यांचें एक यंत्र जगापुढें मांडिलें. अधिक भिंगांनीं चित्र स्पष्ट होतें व खोलीहि दाखवितां येते. परंतु भिंगें वाढलीं कीं सांधे वाढतात. दोन भिंगांच्या यंत्राची थोरवी हीच कीं त्याचा सांधा एकच आहे. एकच असल्यामुळें तो सांगणेंहि सोपें आहे, आणि म्हणूनच न सांगण्यास सबब उरत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत अधिक ऐकूं येतो : एवढ्याशा बोटभर सांध्याचा इतका बाऊ कशाला ? लोकांस चित्र पाहून आनंद व्हावा, एवढाच हेतु आहे ना ? हेतु एवढाच असेल तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. रायगडावरून दिसणारा सह्याद्रि पाहणाऱ्यास सांधा कोठें आहे हें सांगून त्याचा विरस करण्याचें कारण नाहीं. परंतु हेंच यंत्र पुराव्याच्या कामींहि येऊं शकतें. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या १०५ व्या कलमानें झडती व जप्ती ह्यांचें दृक्-श्राव्य चित्रण करण्यास सांगितलें आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ह्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यांत दाखल करतांना प्रमाणपत्र द्यावें लागतें, व त्यांत फाइलीची 'हॅश' म्हणजे गणितानें काढलेली मुद्रा नमूद करावी लागते. दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून अंमलांत आले आहेत. ही मुद्रा फाइल मागाहून बदलली नाहीं, एवढेंच सांगते. फाइल तयार होतांना सांध्यांत काय गळलें किंवा काय दुहेरी झालें, तें ती सांगत नाहीं. अरुंद खोलींत कॅमेरा ठेवून झडतीचें चित्रण केलें, व देणाराचा हात आणि घेणाराचा हात नेमके सांध्यावर भेटले, तर हातांत काय होतें ह्याची साक्ष कोण देणार ? "कॅमेऱ्यास चहूंकडचें दिसतें" ह्या विश्वासावर न्यायाधीशानें विसंबावें काय ?

शिवाय एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ह्या कॅमेऱ्यांत तोल सांभाळणारें साधन असतें, व त्याच्या नोंदीवरून संगणक क्षितिज सदैव आडवें ठेवतो. कॅमेरा हातांत कितीहि फिरो, चित्र स्थिर दिसतें. परंतु चित्र स्थिर राहिलें म्हणजे सांधा फिरूं लागतो. पहिल्या मिनिटास तो दाराजवळ, तर दुसऱ्या मिनिटास खिडकीजवळ. म्हणून तयार चित्र पाहून सांधा कोठें होता हें ओळखणें जाणत्यासहि कठीण जातें. तें कॅमेऱ्यानें किंवा संगणकानेंच सांगावयास हवें, आणि त्यांस तें ठाऊक असतेंच.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली, असें चित्रण करणारानें मुख्य मनुष्यासमोर भिंग येईल असा कॅमेरा ठेवावा, त्याची धार त्या मनुष्याकडे करूं नये. आणि धारेच्या बाजूस दीड-दोन मीटरांच्या आंत कोणासहि उभें करूं नये. दुसरी, जोडलेलें चित्र तयार झालें तरी मूळ दोन वर्तुळांची फाइल पुसूं नये. करमणुकीचें चित्र असल्यास वर्षभर व पुराव्याचें असल्यास निकाल लागेपर्यंत ती राखावी. कारण मूळ साक्षीदार ती आहे, जोडलेलें चित्र हा तिचा जबाब लिहून घेणारा कारकून होय. तिसरी, बातमी, झडती, अपघात, वास्तूंची नोंद अशा कामांसाठीं दाखविलेल्या चित्रावर सांध्याची रेषा पाहणारास हवी तेव्हां उमटवितां यावी, व संगणकानें स्वतः रचलेला भाग निराळा ओळखतां यावा. यंत्रें करणाऱ्या कंपन्यांस हें मुळींच अवघड नाहीं. जें लपविण्यासाठीं त्यांनीं एवढी बुद्धि वेंचली, तें दाखविण्यास एक रेघ पुरे. चौथी, शाळांतून हें यंत्र मुलांच्या हातीं देतांना आधीं दोन वाटोळीं चित्रें दाखवावीं, मग जोडलेलें; म्हणजे तीं केवळ चित्रें पाहणारीं न होतां चित्रें तपासणारीं होतील.

ह्यावरून आम्ही ह्या यंत्राच्या विरुद्ध आहों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. खाटेस खिळलेल्या रोग्यास घरबसल्या डोंगरमाथ्यावर उभें करणारें, ज्या लेण्यांत सर्वांस जातां येत नाहीं तीं सर्वांस दाखविणारें असें हें साधन आहे, आणि तें आमच्या विद्यार्थ्यांनीं हाताळावें, त्यांतील गणित शिकावें, जमल्यास जोडण्याची याहून चांगली रीतिहि शोधून काढावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. सांधा असणें ह्यांत लाज नाहीं. दोन ठिकाणांहून पाहिलेलें एक करावयाचें म्हटलें कीं सांधा येणारच. लाज आहे ती तो नाहींच असें भासविण्यांत.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापुढें ह्यापुढें अशीं अखंड दिसणारीं चित्रें पुष्कळ येतील. त्यांतील पुष्कळ चांगलींहि असतील. तुम्ही त्यांचा आनंद अवश्य घ्या. परंतु कोणी त्या चित्राच्या जोरावर एखाद्या मनुष्यास दोषी किंवा निर्दोषी ठरवूं लागला, अमकी वस्तु तेथें होती किंवा नव्हती असें छातीठोकपणें सांगूं लागला, तर त्यास दोनच प्रश्न विचारा : सांधा कोठें आहे ? आणि मूळ फाइल कोठें आहे ? ज्यास ह्या दोहोंचीं उत्तरें देतां येतात, त्याचें चित्र पुढें तपासण्याच्या योग्यतेचें समजावें. ज्यास देतां येत नाहींत, त्यानें तें करमणुकीपुरतेंच दाखवावें.